नाताळची तयारी: चर्च महिनाभर नक्की काय करतं?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत. काही राहिले असतील, चालवून घ्या.)

[००:००] सुरुवात

डिसेंबर आला की ऑफिसमध्ये मला एक प्रश्न हमखास येतो. "तुमच्याकडे नाताळला चर्चमध्ये नेमकं करतात काय? केक सोडून." मी वसईची. पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात, कॅथलिक घरात वाढले. तरी बरीच वर्षं माझं उत्तर एका वाक्यात संपायचं: "रात्री मिस्सा असते, मग घरी येऊन खातो."

खरं सांगायचं तर मलाही तेवढंच माहीत होतं. कॉलेज हॉस्टेलवर, नंतर नोकरी पुण्यात. २४ तारखेला दुपारी लोकल पकडून यायचं, नवे कपडे, मिस्सा, झोप. गोठा तयार असायचा, कंदील लागलेले असायचे, गायनवृंदाची गाणी बसलेली असायची. हे सगळं कोण करतं, कधी करतं, असल्या क्रमाने का करतं, कधी विचारच केला नाही.

मग २०२० आलं. वर्क फ्रॉम होम. पहिल्यांदाच अख्खा डिसेंबर घरी, आणि त्यात फादरांचा फोन: "तू ये गं, तुला नेटचं कळतं." त्या महिन्यात जे दिसलं ते आजच्या भागात सांगते. आणि शेवटी, मी केलेलं लाइव्ह स्ट्रीमिंग ऐन वेळी कसं झोपलं, तेही.

[०१:५०] नाताळ कधी सुरू होतो?

आधी एक गोंधळ मिटवू. मॉलमध्ये नाताळ नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतो आणि २५ डिसेंबरला संपतो. २६ ला झाड आवरलं, न्यू इयरचे बोर्ड लागले. चर्चमध्ये बरोबर उलटं आहे. तिथे नाताळ २४ च्या संध्याकाळी सुरू होतो. त्याआधीचे चार आठवडे नाताळचे नाहीतच, त्यांना आगमनकाळ म्हणतात. इंग्रजीत ॲडव्हेंट. वाट बघायचा काळ.

तारीख काढायचं लॉजिक सोपं आहे. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार मोजायचे. त्यातला पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये कुठेतरी येतो. म्हणून आगमनकाळ कमीत कमी २२ आणि जास्तीत जास्त २८ दिवसांचा. २०२३ मध्ये २४ डिसेंबरलाच रविवार होता. म्हणजे सकाळी आगमनकाळाचा चौथा रविवार आणि त्याच संध्याकाळी नाताळ! सजावट करणाऱ्यांची काय धावपळ झाली असेल, विचार करा.

या काळात चर्चमध्ये गेलात तर आधी एक गोष्ट जाणवेल: सगळं थोडं कमी कमी आहे. फादरांचा झगा जांभळा. वेदीवर फुलं अगदी मोजकी. आणि 'ग्लोरिया', म्हणजे देवाचा गौरव करणारं ते मोठं, आनंदी गीत, एरवी बहुतेक रविवारी म्हटलं जातं, ते आगमनकाळाच्या रविवारी गात नाहीत. ८ डिसेंबरच्या मरियामातेच्या सणासारखा मोठा सण आला तर अपवाद. बाकी ते राखून ठेवतात.

आमच्या गायनवृंदाच्या ताईंना मी विचारलं, "नाताळची गाणी आत्तापासून का नाही म्हणायची? सगळीकडे वाजतायत की." त्या म्हणाल्या, "अगं, लग्नाआधी वरात काढतात का?"

[०४:२०] चार मेणबत्त्या

वेदीजवळ एक हिरवं गोल कडं ठेवलेलं असतं, त्यात चार मेणबत्त्या. दर रविवारी एक जास्त पेटवायची. बहुतेक ठिकाणी तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी लागते. तो आनंदाचा रविवार, अर्धं अंतर कापलं म्हणून जरा हुश्श करायचा.

मला वाटायचं ही प्रथा पहिल्या शतकातली असेल. अजिबात नाही. तिची कथा १८३९ ची, जर्मनीतल्या हॅम्बुर्गची. योहान हिनरिश विखर्न नावाचे प्रोटेस्टंट धर्मगुरू गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे. मुलं रोज विचारायची, "नाताळ कधी?" त्यांनी एक लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रोजसाठी एक छोटी आणि रविवारसाठी एक मोठी. मुलांना उरलेले दिवस डोळ्यांनी दिसायला लागले. थोडक्यात, तो एक प्रोग्रेस बार होता. पुढे फक्त रविवारच्या चार राहिल्या आणि विसाव्या शतकात ही पद्धत कॅथलिक चर्चमध्येही रुजली.

[०५:५०] १६ तारखेनंतर गिअर बदलतो

पहिल्या दोन-अडीच आठवड्यांतली वाचनं बाळ येशूबद्दल नसतातच. ती असतात ख्रिस्ताच्या दुसऱ्या आगमनाबद्दल, जागं राहण्याबद्दल, वाळवंटात उपदेश करणाऱ्या योहानाबद्दल. १७ डिसेंबरपासून मात्र वाचनं थेट जन्माच्या कथेकडे वळतात. बऱ्याच ठिकाणी १६ ते २४ डिसेंबर अशी नऊ दिवसांची नोव्हेनाही असते.

१७ ते २३ या सात दिवसांत संध्याप्रार्थनेत सात जुनी आवाहनं येतात. प्रत्येकात येशूला एका वेगळ्या नावाने हाक मारलेली असते: प्रज्ञा, किल्ली, उगवता सूर्य, इम्मानुएल अशी. आता गंमत ऐका. लॅटिनमधल्या त्या सात नावांची पहिली अक्षरं शेवटाकडून वाचली तर 'एरो क्रास' असे दोन शब्द होतात. अर्थ: 'उद्या मी असेन.' मध्ययुगातल्या मठवासीयांचं ईस्टर एग म्हणा!

याच दिवसांत पापनिवेदनाच्या रांगा लागतात. आजूबाजूच्या धर्मग्रामांतले फादर एकमेकांच्या मदतीला येतात, अंगणात खुर्च्या टाकून बसतात, आणि लोक एकेक करून जातात. नाताळच्या फोटोंमध्ये ही रांग कधी दिसत नाही. पण आमच्या घरी कंदील लावण्याआधी "कन्फेशनला गेलीस का?" हे विचारलं जातं. घराची सफाई आणि मनाची सफाई एकाच यादीत.

आणखी एक काम असंच, न दिसणारं. जे चर्चपर्यंत येऊ शकत नाहीत, आजारी, अंथरुणावरचे, खूप वयस्कर, त्यांच्या घरी नाताळआधी फादर ख्रिस्तशरीर, म्हणजे कम्युनियन, घेऊन जातात. २०२० मध्ये आमच्या आजीचं नाव पहिल्यांदा त्या यादीत गेलं. गुडघ्यांचं दुखणं होतंच, वर कोविडची भीती. फादर मास्क लावून आले, दारापाशी थांबून प्रार्थना केली. आजी लाल लुगडं नेसून सकाळपासून तयार बसली होती. ते गेल्यावर एवढंच म्हणाली, "म्हणजे यंदा मी नाही जायची." सत्तर-बहात्तर वर्षांत तिची एकही नाताळची मिस्सा चुकली नव्हती.

[०८:३०] गोठा

आता वसईकरांचा आवडता विषय. आमच्याकडे चर्चमध्ये तर गोठा असतोच, पण वाडीवाडीतली पोरं आपापला गोठा उभारतात. भातकापणी झालेली असते, पेंढा मिळतो. बांबू, गोणपाट, शेवाळ, लाकडाचा भुसा, जुन्या कुंड्या, काहीही चालतं. रात्री जागून काम, चहा, भांडणं, "तो डोंगर सरळ नाहीये" वगैरे. गोठ्यांच्या स्पर्धा लागतात. विषयही येतात: पाणी वाचवा, शेतकरी, प्लास्टिक.

या पद्धतीचं मूळ सांगतात ते इटलीतल्या ग्रेच्चो गावाचं. १२२३ च्या नाताळला संत फ्रान्सिस असिसीकर यांनी तिथे गवताने भरलेली गव्हाण ठेवली, खरा बैल आणि खरं गाढव आणलं आणि तिथेच मिस्सा झाली. ज्यांना लॅटिन कळत नव्हतं त्यांना ते दृश्य कळलं. २०२३ मध्ये त्याला ८०० वर्षं झाली.

आता छोटी क्विझ. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात जन्माच्या वेळी बैल आणि गाढव आहेत का? नाहीत. तिथे फक्त गव्हाण आहे. बैल-गाढव आले यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एका ओळीवरून. तीन राजे? मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत, पण ते तीन होते असं कुठेच लिहिलेलं नाही. भेटवस्तू तीन, म्हणून माणसं तीन धरली.

आणि एक नियम, जो लहानपणी मला कळायचाच नाही. गोठा १५-२० तारखेला तयार होतो. मरिया असते, योसेफ असतो, मेंढपाळ असतात. मधली गव्हाण रिकामी. बाळ २४ च्या रात्री मिस्सेच्या वेळीच ठेवायचं. मी सात-आठ वर्षांची असताना घरच्या गोठ्यात बाळ आधीच ठेवून दिलं होतं. आजीने उचलून कपाटात ठेवलं आणि म्हणाली, "अजून यायचाय तो. जागा करून ठेवायची, घाई नाही करायची." आगमनकाळावर मी नंतर बरंच काही वाचलं, पण याहून नीट मला कुणी समजावलेलं नाही.

[११:००] ती रात्र

मध्यरात्रीची मिस्सा असं आपण म्हणतो. पण मिस्साग्रंथात तिचं नाव नुसतं 'रात्रीची मिस्सा' आहे. नाताळच्या एकूण चार मिस्सा ठरलेल्या आहेत: २४ च्या संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. प्रत्येकीची वाचनं वेगळी. रात्रीच्या मिस्सेत देवदूत मेंढपाळांना बातमी देतात, पहाटेच्या मिस्सेत ते मेंढपाळ जाऊन बघतात, आणि दिवसाच्या मिस्सेत योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात वाचतात, ज्यात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. आहे ते फक्त 'शब्द' देह झाला हे.

मग आपल्याकडे बऱ्याच चर्चमध्ये ही मिस्सा मध्यरात्रीच्या खूप आधी का होते? कारण ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण दरवेळी त्या भरवशावर कोण राहणार? नाताळला चर्चची इमारत पुरत नाही, मिस्सा मैदानात होते, आणि मैदान म्हटलं की माइक आला. म्हणून वेळ अलीकडे आली. आणि रोममध्येही पोप २००९ पासून ती मध्यरात्रीच्या आधीच अर्पण करतात, त्यामुळे "आमचीच मिस्सा लवकर" असं वाटून घ्यायचं कारण नाही.

मिस्सेच्या सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी एक घोषणा गातात. मला ती प्रचंड आवडते, कारण ती म्हणजे निव्वळ टाइमस्टॅम्प आहे. येशूचा जन्म कधी झाला? तर १९४ व्या ऑलिम्पियाडमध्ये, रोमच्या स्थापनेपासून ७५२ व्या वर्षी, सम्राट ऑगस्टसच्या राजवटीच्या ४२ व्या वर्षी. एकेका कॅलेंडरमधून सांगत सांगत शेवटी बेथलेहेमवर येतात. 'कोणे एके काळी' असं म्हणायचं नाही, हा त्यातला मुद्दा.

आणि मग ग्लोरिया. चार आठवडे राखून ठेवलेलं. घंटा वाजतात, सगळे दिवे लागतात, गायनवृंद पूर्ण ताकदीने गातो. फादर बाळ येशूची मूर्ती रिकाम्या गव्हाणीत ठेवतात. हा क्रम चर्चप्रमाणे थोडा मागेपुढे असतो, काही ठिकाणी बाळ शेवटी ठेवतात. पुढे विश्वासांगीकार म्हणताना, देव माणूस झाला या शब्दांपाशी, एरवी नुसती मान लववतात. नाताळला सगळे गुडघे टेकतात. हजार-दीड हजार माणसं मैदानात एकदम खाली बसतात, तेव्हा खुर्च्यांचा जो आवाज होतो ना, तो माझ्यासाठी नाताळचा आवाज आहे.

हे सगळं आमच्याकडे मराठीत. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ नंतर, लोकांच्या भाषेत आली. पण येशूजन्माची कथा मराठीत त्याच्या कितीतरी आधी आली होती. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीट धर्मगुरूंनी गोव्यात लिहिलेलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही ओवीत. आणि 'नाताळ' हा शब्द? पोर्तुगीजमध्ये 'नाताल' म्हणजे जन्म, जन्माचा सण. वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होते. किल्ला पडका झाला, शब्द राहिला.

[१४:१०] सगळी चर्च सारखी नसतात

हे मी कॅथलिक चर्चचं सांगितलं. नगरकडच्या प्रोटेस्टंट मंडळींची परंपरा वेगळी. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. त्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं आहेत, आणि कीर्तनही त्यांनी आपलंसं केलं. मुंबई-पुण्यातल्या मल्याळी सिरियन चर्चमध्ये २५ दिवसांचा उपवास असतो, मांस-मासे बंद. त्यांच्यातल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळच्या उपासनेत अंगणात शेकोटी पेटवतात, मेंढपाळांच्या आठवणीसाठी. आर्मेनियन चर्च जन्मसोहळा ६ जानेवारीला करतं. रशियन ऑर्थोडॉक्स ७ जानेवारीला, कारण ते जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरतात आणि ते आत्ता १३ दिवस मागे आहे.

[१५:२०] माझं स्ट्रीमिंग

तर, २०२०. सरकारची सूचना: चर्चमध्ये जास्तीत जास्त ५० माणसं. ज्येष्ठांनी आणि लहान मुलांनी घरी थांबावं. महापालिका हद्दीत रात्री ११ पासून संचारबंदी. जिथे हजारावर लोक येतात तिथे ५०! मिस्सांची संख्या वाढवली, वाडीप्रमाणे नावं वाटली, तरी बहुतेकांना घरीच राहायचं होतं. म्हणून स्ट्रीमिंग, आणि म्हणून मी.

मी दोन फोन, एक ट्रायपॉड, साउंड मिक्सरमधून एक वायर असा सेटअप केला. तीन दिवस टेस्टिंग. आजीच्या खोलीत टॅब लावून दिला, काकूला सगळं समजावलं. मनात एकच होतं, आजीची मिस्सा चुकता कामा नये.

मिस्सा सुरू झाली. घोषणा नीट गेली. आणि ग्लोरिया सुरू व्हायच्या जेमतेम अर्धा मिनिट आधी नेट गेलं. सगळं गाव एकाच वेळी एकाच टॉवरवर व्हिडिओ बघत होतं. हे मी टेस्ट केलंच नव्हतं, कारण टेस्टिंगला मी एकटीच बघत होते. दुसरं सिम टाकलं, हॉटस्पॉट बदलला, रिझोल्यूशन पाडलं. बारा मिनिटं. चर्चमध्ये ग्लोरिया चालू आणि मी खांबामागे बसून रडवेली.

घरी गेले ती माफी मागायच्या तयारीनेच. आजी जागी होती. घरच्या गोठ्यात बाळ ठेवलेलं होतं, पुढे मेणबत्ती. मी म्हटलं, "आजी, सॉरी गं, ऐन वेळी बंद पडलं." ती म्हणाली, "अगं, घंटा ऐकू आली ना."

झालं होतं असं. टॅबवर चक्र फिरत होतं तेव्हा तिने खिडकी उघडायला लावली. चर्चच्या घंटा वाजल्या. तिला माहीत होतं, घंटा म्हणजे ग्लोरिया. तिने ती पाठ म्हटली, काकूने साथ दिली, समोरच्या घरातूनही कुणीतरी म्हणत होतं. मग कपाटातून बाळ काढलं आणि गव्हाणीत ठेवलं. स्ट्रीम परत आला तोवर वाचन सुरू झालं होतं. त्या बारा मिनिटांत तिचं काहीच अडलं नव्हतं.

मला तेव्हा कळलं की ही सगळी तयारी कशासाठी असते. महिनाभर एकेक मेणबत्ती, तीच वाचनं, तीच राखून ठेवलेली गाणी, वर्षानुवर्षं. चर्चने ते सगळं आजीच्या आत इतकं बसवलं होतं की चर्चचं दार तिच्यासाठी बंद असतानाही तिला पुढची पायरी माहीत होती. माझ्या सेटअपमध्ये बॅकअप नव्हता. तिच्याकडे होता.

[१८:४०] जाता जाता

२५ तारखेनंतर लगेच गोठा मोडू नका, हेही सांगून ठेवते. नाताळचा काळ पुढे चालतो. २६ ला संत स्तेफन, २८ ला हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांची आठवण, १ जानेवारीला मरियामातेचा सण, मग ज्ञानी लोकांच्या भेटीचा रविवार, आणि शेवटी येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. तोवर गोठा राहतो. आमच्याकडे पेंढा नंतर गुरांना जातो.

आजी २०२२ च्या पावसाळ्यात गेली. त्या वर्षीपासून मी सुट्टी २४ ची नाही टाकत, आगमनकाळाचा एक अख्खा आठवडा टाकते. मॅनेजरला सांगितलं, "घरी काम आहे." खोटं नाही ते. घरच्या गोठ्यात बाळ ठेवायचं काम आता माझ्याकडे आहे, आणि २४ च्या रात्रीपर्यंत ते कपाटातच राहतं.

तुमच्या ओळखीत कुणी ख्रिस्ती मित्रमैत्रीण असेल तर यंदा केक मागायच्या आधी विचारा, "तुमचा गोठा कुठवर आला?" बघा, किती बोलतील. संध्याकाळी बघायलाही जा, गोठे बघायला कुणी अडवत नाही. हातात वेळ असेल तर पेंढा पसरायला तुम्हालाही लावतील.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!